ओढ्यापासून खिंडीपर्यंत

"आधी काच खाली ठेवा," त्या आजी मला म्हणाल्या.

मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा होतो. दुसरा मजला. मोठी काच दोन्ही हातांत धरलेली, चौकटीला टेकवायच्या बेतात, आणि शर्टाच्या खिशात फोन वाजत होता. काच हातात असताना काच बसवणारा माणूस फोन घेत नाही. फोन थांबला, पुन्हा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. शेवटी आजींनीच वैतागून तो माझ्या खिशातून काढला आणि माझ्या कानाला लावला. नेमका डाव्या. त्या कानाने मला अर्धंमुर्धंच ऐकू येतं. कोणी बाई घाईघाईने काहीतरी सांगत होत्या. "मोठ्याने बोला," मी म्हणालो. पुन्हा तीच कुजबुज. मग आजींनी फोन स्वतःच्या कानाला लावला, "मला सांगा, मी सांगते त्यांना," म्हणाल्या आणि ऐकत राहिल्या. मी काच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी आधी गॅस बंद केला. मग मला काच खाली ठेवायला सांगितली. मी ती घडी घातलेल्या ब्लँकेटवर भिंतीला टेकवून ठेवली, घसरणार नाही ना ते बघितलं, हात पुसले. मग त्यांनी सांगितलं. माझी बायको कामावर, जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीतून कोसळली. डोक्यातली शीर फुटली. मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं. "गेल्या हो त्या," आजी म्हणाल्या. जिला कधी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि माझे डोळे कोरडे होते. मी त्यांना म्हणालो, "खिडकी उघडी राहील. वारा येईल." त्या म्हणाल्या, "येऊ दे." दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने जाऊन ती काच बसवली. लोक विचारतात, तुम्हाला कसं कळलं, तर मी सांगतो, फोन आला. पण फोन मला आलाच नव्हता, त्या आजींना आला होता. गॅस बंद करून माझ्याकडून काच खाली ठेववून घ्यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ त्यांनी ती बातमी एकट्याने सांभाळली. तेवढ्या वेळापुरती माझी बायको माझ्यासाठी अजून होती.

ती कान तपासायची. एका दवाखान्यात तिची छोटी खोली होती आणि त्या खोलीच्या आत आणखी एक खोली, कपाटाएवढी, भिंतींना जाड गाद्या लावलेली. माणसाला त्यात बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, हातात बटण द्यायचं. "आवाज आला की दाबा. बारीक आला तरी दाबा." मग बाहेर बसून ती आवाज हळूहळू लहान करत जायची, इतका लहान की शेवटी नाहीच. घरी आली की सांगायची, आज एक आजोबा होते, मी आवाज बंद केला तरी दाबतच होते. मी म्हणायचो, खोटं बोलत असतील. ती म्हणायची, खोटं नाही हो, आशा असते. त्या आतल्या खोलीला एक खिडकी होती, दोन काचांची, मधे हवा कोंडलेली, म्हणजे दिसतं पण ऐकू येत नाही. ती खिडकी मी बसवली. आमची ओळख तिथली. काम झाल्यावर तिने मला आत बसवलं, दार लावलं, आणि बाहेर उभी राहून काचेपलीकडून काहीतरी बोलली. बरंच बोलली. ओठ हलत होते, मधेच हसली, मग भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. मी कान दाखवून हात हलवला, काही नाही. तिने मान डोलावली आणि दार उघडलं. लग्नानंतर कितीदा विचारलं, काय बोललीस तेव्हा? "ऐकू आलं नाही ना? मग काम चोख झालं होतं," एवढंच उत्तर. माझा डावा कान हळूहळू गेला तोही तिनेच शोधून काढला, स्वयंपाक करता करता, यंत्राशिवाय. त्या दिवसापासून ती रस्त्याने चालताना माझ्या उजवीकडून चालायला लागली. काही बोलून नाही. रस्ता ओलांडला, वळलो, की मागून येऊन पुन्हा उजवीकडे. आता मी रस्त्याने चालतो तेव्हा उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून चालतो आणि समोरून येणारे लोक त्या जागेतून निघून जातात. घरातही, भांडं वाजलं, नळ ठिबकला, की मी मनातल्या मनात बटण दाबतो.

रविवार मात्र तिचा डोंगराचा असायचा. गावाबाहेर बस जिथे संपते तिथून एक वाट वर जाते. तिच्यासारखी वेडी मंडळी ती वाट राखतात. कोणी सांगितलेलं नाही, कोणी पगार देत नाही. पानगळ सुरू झाली की वाट पानांखाली जाते, मग नवखी माणसं भरकटतात, म्हणून त्याआधी दगडांवर पांढऱ्या रंगाच्या पट्ट्या ओढून ठेवायच्या. प्रत्येकाचा टप्पा ठरलेला. तिचा ओढ्यापासून खिंडीपर्यंतचा. तो सगळ्यात चिखलाचा, कोणालाच नको होता, म्हणून हिने घेतला. लग्न झालं त्या वर्षी मी एकदा गेलो होतो तिच्याबरोबर. ओढा ओलांडला आणि पहिल्याच चढावर माझा पाय सटकला, मी बसल्या बसल्या परत ओढ्यात. ती इतकी हसली की तीही खाली बसली, तिथेच, चिखलात, आणि हसताना एक हात पुढे करत होती मला ओढून घ्यायला, पण हसण्यामुळे त्या हातात काही जोर नव्हता. मग ठरलं, डोंगर तिचा आणि खिडक्या माझ्या. लोक रविवारी घरी असतात, काचेची कामं रविवारीच जास्त निघतात, त्यामुळे दोघांचंही बरं चाललं होतं. संध्याकाळी ती यायची, बूट दाराबाहेर, मोजे दाराबाहेर, आणि कोपरापर्यंत पांढरी. मी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तिचे हात पुसायचो. माझ्या हातांची पुटी, काच चौकटीत पक्की करायचा लगदा, ती रोज काढायची, तिच्या हातांचा रंग मी वर्षातून थोड्याच वेळा, तरी ती म्हणायची, "हळू, हे काय खिडकीचं लाकूड आहे का?"

यंदा पानं पिवळी पडायला लागली तेव्हा दाताचे डॉक्टर माझ्या दुकानात आले. त्या मंडळींचे ते म्होरके. भेटल्यावर नमस्काराच्या ऐवजी "आ करा" म्हणतात. तिला ते कानवाल्या बाई म्हणायचे आणि ती त्यांना दातवाले. त्या दिवशी "आ करा" म्हणाले नाहीत. स्टुलावर बसले, काच कापायची हिरकणी उचलून बघितली, ठेवली.

"काचवाले, बाईंचा टप्पा तसाच पडलाय."

"हं."

"परवा दोघंजण तिथे चुकले. दरीच्या अंगाला उतरले होते. अंधार पडायच्या आत सापडले म्हणून बरं."

"मग आता?"

"एक नवरा-बायको आलेत नवीन. उत्साही आहेत. त्यांना द्यावा म्हणतो. आपल्याकडे रीत तुम्हाला ठाऊक आहे, जो रंगवेल त्याचा टप्पा. एक साल चुकलं की गेला."

मला ते नवरा-बायको दिसले. दोघं रंगवतायत, एकमेकांना डबा धरतायत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण पुढच्या वर्षी कोणी विचारेल, हा टप्पा कोणाचा, तर त्यांचं नाव सांगतील, आणि त्याच्या पुढच्या वर्षी हे कोणाला आठवणारही नाही की इथे दुसरं कोणी होतं. तिचे कपडे मेहुणीने नेले, तिची दवाखान्यातली खोली दुसऱ्या मुलीला मिळाली, हे सगळं मी होऊ दिलं, कारण ते होणारच. पण त्या चिखलाचा मला एकदम लोभ सुटला.

"मी रंगवतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. "तुम्ही?"

"आयुष्यभर चौकटी रंगवतोय."

"चौकट चिखलात नसते हो. आणि ती आपल्या जागी उभी असते, तुम्हालाही उभं राहू देते." मग उठता उठता म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. पण अर्धवट चालणार नाही बरं का. माणसं त्या पट्ट्यांवर विसंबून चालतात."

मेहुणीला मी सहज सांगितलं तर ती निघालीच बरोबर. तिचं ब्यूटी पार्लर आहे, चिखल तिने फक्त लोकांच्या चेहऱ्याला लावलेला. "भावोजी, तुम्हाला एकट्याला सोडलं तर ताई मला सोडायची नाही," म्हणाली. बसमध्ये तिने माझे नवे रबरी बूट बघितले. "मासे धरायला चाललोय का आपण?" तिच्या स्वतःच्या पायांत गुलाबी कॅनव्हासचे बूट होते. माझ्या मांडीवर बायकोची पिशवी होती. ब्रश तिने इतका स्वच्छ धुऊन ठेवला होता की केस अजून मऊ होते. तारेचा ब्रश, फडकी. फडक्यांत माझा जुना चौकड्यांचा शर्ट निघाला, जो मी तीन वर्षं शोधत होतो. रंगाचा डबा मी घरीच उघडून बघितला होता. वर सायीसारखा थर धरला होता. तो पुटीच्या पात्याने उचलला तर खाली रंग ताजा, जसाच्या तसा. माझ्याकडून मी एकच वस्तू घेतली होती, जुनी पुटी मऊ करायचा हातात धरायचा गॅसचा दिवा. दगड ओले असणार हे मला समजत होतं.

ओढ्यापर्यंत ठीक होतं. बस संपते तिथे भेटून आमच्याबरोबर आलेले डॉक्टर तिथून दुसऱ्या पायवाटेने आपल्या टप्प्याकडे गेले. "खिंडीत भेटू. गडबड करू नका. रंग लावायच्या आधी दगड पूर्ण कोरडा पाहिजे, दातासारखा. ओल्यावर काही टिकत नाही." ओढ्यापलीकडे वाट म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. आदल्या दिवशीच्या पावसाने माती लोण्यासारखी झाली होती. पाय ठेवला की तो आपला राहत नव्हता, चिखल त्याचं काय करायचं ते ठरवायचा. आणि उचलताना प्रत्येक पाऊल एक आवाज करायचं, मोठं माणूस झोपेत ओठ चोखतं तसा. ओल्या पानांचा वास येत होता, चहाची भुकटी उकळून फेकून दिल्यासारखा. झाडांवरून पाणी पडत होतं, पाऊस नसताना. वाट एकाच माणसाच्या रुंदीची, त्यामुळे मेहुणी मागे आणि मी पुढे. मला ते जमेना. डावी-उजवी नसलेल्या वाटेवर मी कधी चाललो नव्हतो. थोडं चाललं की मी उजवीकडे मान वळवायचो आणि तिथे कारवीसारखं कसलंतरी झुडूप असायचं, नाहीतर नुसती खाली जाणारी दरी. मग मला वाटलं, इथे ती माझ्याबरोबर असती तर कुठून चालली असती? पुढून. वाट दाखवायला पुढून. म्हणजे ती बोलली असती ते पलीकडे, डोंगराकडे तोंड करून, आणि मला काही ऐकू आलं नसतं. मी मोठ्याने हसलो. मागून मेहुणी ओरडली, "पडलात का?"

"नाही."

"मग हसताय कशाला? मी पडलेय!"

ती खरंच पडली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, गुलाबी बूट आता कुठल्याच रंगाचे नाहीत. मी हात दिला. उभी राहिली आणि हातांकडे बघून म्हणाली, "परवाच नखं केली होती हो भावोजी. यासाठी बायका रांग लावतात माझ्याकडे."

पहिली पट्टी दिसली ती एका मोठ्या, पाठ वर काढून बसलेल्या म्हशीसारख्या दगडावर. गुडघ्याच्या उंचीवर. मला वाटलं होतं डोळ्यांच्या उंचीवर असेल, भिंतीवर फोटो लावतात तशी. पण त्या चिखलात समोर बघून कोण चालतो? सगळे पायांकडे बघतात. तिने ती जिथे नजर असते तिथे ओढली होती. रंग पिवळा पडला होता, कडा गेल्या होत्या, पण पट्टी होती. आणि तिच्या शेवटी किंचित वर गेलेली शेपटी होती, ब्रश उचलताना झटका दिल्यासारखी. ती डावरी होती. पत्ता लिहिताना, भाजी चिरताना, सही करताना, सगळ्याच्या शेवटी तो झटका. मी ती पट्टी कितीतरी वेळ बघत उभा राहिलो. मेहुणीही बघत होती, तिने नाक पुसलं, तर चिखल नाकाला लागला.

मग काम सुरू केलं. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं, फडक्याने पुसलं, दिव्याची ज्योत दगडावर फिरवली. दगडातून वाफ निघाली, पावसात भिजलेल्या कुत्र्याला घरात घेतल्यावर येतो तसा वास आला. हाताची मागची बाजू लावून बघितली, कोरडा. ब्रश बुडवला. आणि मी पट्टी ओढली ती तिच्या पट्टीच्या शेजारी, बोटभर अंतर सोडून. सरळ, कडा धारदार, चौकटीसारखी.

मेहुणी म्हणाली, "दोन कशाला?"

"असू दे."

"भावोजी, दोन पट्ट्या म्हणजे वाट फुटते असं समजतील लोक. एक इकडे, एक तिकडे."

तिचं बरोबर होतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. माणसं यावर विसंबून चालतात. मी माझी ओली पट्टी फडक्याने पुसून टाकली, फडक्यात, म्हणजे माझ्याच शर्टात, आणि ब्रश तिच्या पट्टीवर नेला. नेला आणि थांबलो. मला कळत होतं की मी हा टप्पा तिचा राहावा म्हणून आलो आहे, आणि तो तिचा ठेवायचा तर तिने केलेलं सगळं एकेक करून झाकत वर जायचं आहे. ब्रशच्या टोकावर रंगाचा थेंब लोंबायला लागला. तो तिच्या शेपटीवर पडला आणि पसरला. मग करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही. मी पट्टी ओढली. शेवटी शेपटी काढून बघावी असा विचार आला, डाव्या हाताने, पण ते नाटक झालं असतं. माझी पट्टी सरळ संपली.

"खिडकी झाली एकदम," मेहुणी म्हणाली. पण हळू म्हणाली.

पुढचा दगड, त्याच्या पुढचा. प्रत्येक ठिकाणी तेच. दिसायची, मी जरा थांबायचो, आणि झाकायचो. हळूहळू थांबणं कमी होत गेलं, जसं घरात तिच्या उशीच्या बाबतीत झालं होतं. काम हातात आलं की हात आपले पुढे जातात, माणूस मागून येतो. मेहुणी डबा धरत होती, पानं झाडत होती, आणि तिची बडबड चालू होती. ताई लहानपणी कशी झाडावर चढून बसायची, आई खालून हाका मारायची, आणि ही वरून ऐकू येत नाही असं दाखवायची. "आणि मग मोठी होऊन कान तपासायला लागली! आईला तर याचंच नवल वाटायचं." मी विचारलं, "तू ऐकायचीस का तिचं?" "मी? मी तिची धाकटी बहीण, भावोजी. मला पर्याय होता का? सगळे तिचे जुने फ्रॉक, जुनी पुस्तकं. आता जुने कपडे." असं म्हणून तिने अंगातल्या स्वेटरच्या बाहीकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चिखलाने भरलेला तो निळा स्वेटर माझ्या बायकोचा आहे. सकाळपासून तो माझ्या मागून चालत होता. मी म्हणालो, "तुला होतो चांगला." ती म्हणाली, "बाह्या लांब आहेत." मी म्हणालो, "तिलाही लांबच होत्या, दुमडून घालायची." तिने बाह्या दुमडल्या. आम्ही पुढचा दगड शोधायला लागलो.

शेवटचा चढ सगळ्यात वाईट होता. तिथे वाटेतूनच पाणी येत होतं. मी झाडाच्या मुळ्या धरून, कधी हातापायांवर, चढलो. गुडघे ओरडत होते. छातीत धपधप होत होती आणि ती उजव्या कानात ऐकू येत होती, स्पष्ट. बटण दाबायला हरकत नव्हती. खिंडीत पोचलो तेव्हा वारा एकदम अंगावर आला आणि पलीकडचे डोंगर ढगांत अर्धे बुडालेले दिसले. हे ती दर रविवारी बघायची. घरी येऊन मात्र सांगायची ते कोणाचे बूट फाटले आणि कोणी कोणाचं सफरचंद खाल्लं. डॉक्टर एका दगडावर बसून सफरचंदच खात होते.

"आ करा," ते म्हणाले. मला बरं वाटलं. "झालं?"

"झालं."

"सगळं?"

"ओढ्यापासून इथपर्यंत. एकही दगड सोडला नाही," मी म्हणालो. माझ्या आवाजात ऐट होती, ती मलाच ऐकू आली.

"भावोजींनी भट्टीत भाजल्यासारखे दगड कोरडे केलेत," मेहुणीने भर घातली.

डॉक्टर उठले, सफरचंदाचा देठ खिशात टाकला, आणि खिंडीच्या तोंडाशी जाऊन आम्ही आलो त्या वाटेकडे वाकून बघायला लागले. बघतच राहिले. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे. कोणाच्या तोंडात न सापडणारी कीड शोधल्यासारखे.

"कुठे आहेत?"

"काय कुठे? समोर तर."

"या, माझ्या शेजारी उभे राहा."

मी गेलो. खाली वाट उतरत गेली होती. दगड होते, काळे, ओले, एकामागे एक. त्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. त्यांच्यातल्या एकावरही पांढरं काही नव्हतं. मी ज्या बाजूने आलो होतो त्या बाजूला सगळ्या पट्ट्या होत्या, आणि आता त्या दरीकडे तोंड करून उभ्या होत्या, वर येणाऱ्यासाठी. उतरणाऱ्यासाठी तो नुसता चिखल होता आणि पानं.

"काचवाले," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माणसांना वर आणून सोडलंत. घरी कसे जाणार ते?"

मेहुणीला हसू फुटलं. तिने तोंडावर हात घेतला तरी थांबेना. चिखलाचा हात, चिखलाचं तोंड, डोळ्यांतून पाणी, पोट धरून ती डॉक्टरांच्या दगडावर बसली. "भावोजी... भावोजी, काचेला दोन्ही बाजू असतात ना हो? दोन्हीकडून पुसता ना तुम्ही?" डॉक्टरही हसायला लागले. मीही. तिचं शेवटचं सगळं झाल्यानंतर आम्ही कोणी असे हसलो नव्हतो, आणि हसता हसता मला एकदम आठवलं. दर वर्षी या कामासाठी ती दोन रविवार जायची. पहिल्या रविवारी मी बोळ्याने तिचे हात पुसताना विचारायचो, झालं का? ती म्हणायची, अर्धं झालं. मला वाटायचं अर्धं म्हणजे अर्धी वाट. कुठल्यातरी दगडापर्यंत. इतकी वर्षं मी त्या अर्ध्या वाटेवर एक दगड कल्पून ठेवला होता, जिथे ती थांबते आणि परत फिरते. तसा दगड नव्हताच. ती पहिल्या रविवारी पूर्ण वर जायची. आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा पूर्ण चढून, उतरताना रंगवायची, मागे वळलेल्या माणसासाठी.

उतरताना डॉक्टर पुढे होते. धुकं खालून वर यायला लागलं होतं. पहिल्या मोठ्या दगडापाशी ते थांबले आणि बुटाच्या टाचेने त्याच्या वरच्या अंगाला साचलेला गाळ बाजूला केला. "इथे पाण्याबरोबर माती येऊन बसते दर वर्षी, म्हणून या बाजूच्या दिसत नाहीत. बाई आधी हाताने खणायच्या." मी खाली बसलो आणि हाताने माती काढली. पानं, काड्या, गार चिकट गाळ. खाली पांढरं लागलं. ही पट्टी पिवळी पडली नव्हती. उन्हापावसापासून झाकलेली राहिल्यामुळे नुकतीच ओढल्यासारखी होती, ब्रशच्या केसांच्या रेघांसकट. आणि शेवटी ती शेपटी, वर गेलेली. मी त्यावरून बोट फिरवलं. मेहुणीही वाकली, तिनेही फिरवलं. डॉक्टर दुसरीकडे बघत उभे राहिले.

"रंग आहे का शिल्लक?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"गॅस?"

मी दिवा हलवून बघितला. थोडा होता. एक-दोन दगड झाले असते. "आहे थोडा," मी म्हणालो. तेवढ्यात पाऊस आला, बारीक, आवाज न करता, निदान मला तरी ऐकू न येता. दगड पुन्हा काळा व्हायला लागला. मी डब्याचं झाकण लावलं आणि तळव्याने दाबलं. मग काढलेली माती त्या पट्टीवर परत लोटावी असं मला वाटलं, आणि ते चुकीचं आहे हेही कळत होतं. मी लोटली नाही.

खाली येताना आम्ही दोनदा चुकलो. दोन्ही वेळा डॉक्टरांनीच दगड चाचपून वाट शोधली. ओढ्यापाशी हात धुताना ते म्हणाले, "अर्धवट चालणार नाही असं मी सांगितलं होतं."

"हो."

"महिना पुढच्या रविवारी संपतो."

"मी येतो."

"मी पण येते," मेहुणी म्हणाली. "पण बूट भावोजी घेऊन देणार."

घरी आलो, बूट दाराबाहेर, मोजे दाराबाहेर. टर्पेंटाइनने हात पुसले. उजव्या हाताने डावा पुसला जातो, डाव्याने उजवा नीट पुसता येत नाही, मनगटाला थोडं पांढरं राहिलं. मेहुणीने फोन करून विचारलं, पाय दुखतायत का, मी म्हणालो, नाही, ती म्हणाली, थापा. पुढच्या रविवारी पाऊस नसेल असं म्हणतात. गॅसचा नवा डबा आणला आहे. ओढ्यापासून खिंडीपर्यंत वर जायच्या खुणा आता माझ्या आहेत. खाली यायच्या अजून तिच्या आहेत. त्या झाकायच्या राहिल्या आहेत.